दहावी स्टेट बोर्डाचा भूगोल: पेपर कसा असतो आणि मार्क कुठे असतात

दुसऱ्या बोर्डातून स्टेट बोर्डात आलेली मुलं शिकवणीला आली की पहिला प्रश्न ठरलेला, सर भूगोल पाठ कसा करायचा. मी म्हणतो आधी पेपर बघ, मग पाठांतराचं बोलू.

पेपर 40 मार्कांचा, दोन तासांचा. इतिहास-राज्यशास्त्राचे वेगळे 40, दोन्हीचे मिळून अंतर्गत 20, असे सामाजिक शास्त्रांचे 100 होतात. 2018 ला आलेल्या पुस्तकात धडे नऊच, आणि पहिला क्षेत्रभेटीचा सोडला तर बाकी सगळीकडे भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवलेत, हवामान दोघांचं, लोकसंख्या दोघांची, वस्त्या, पर्यटन सगळं तसंच. ब्राझीलच का, असं विचारणारे पालक दरवर्षी भेटतात. मला तरी ही तुलना आवडते, हिमालय आपल्यासाठी काय करतो हे समजायला हिमालय नसलेला देश समोर असला की बरं पडतं.

आता मार्क. पर्याय निवडा 4, जोड्या 4, एका वाक्यात उत्तरं 4, हे बारा मार्क पुस्तक नीट वाचणाऱ्याचे, त्यावर जास्त बोलत नाही. नकाशा 8, त्यातले 4 भरायचे आणि 4 दिलेला नकाशा वाचून उत्तरं लिहायचे. भौगोलिक कारणं 6. आलेख 6, एकतर काढा नाहीतर दिलेला वाचा. सविस्तर उत्तरं 8. म्हणजे नकाशा, आलेख, कारणं मिळून अर्धा पेपर झाला आणि तिथे नुसत्या घोकंपट्टीवर भागत नाही.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते कारणांमध्ये. उदाहरणार्थ "ब्राझीलमध्ये नियमित हिमवृष्टी होत नाही", तीन मार्क. मुलं लिहितात ब्राझील उष्ण देश आहे, तिथे पाऊस खूप पडतो, घनदाट जंगलं आहेत. खरंय, पण यात कारण कुठंय? देशाचा बहुतेक भाग विषुववृत्त ते मकरवृत्त या पट्ट्यात येतो, हा एक मुद्दा. उंची फार नाही, सगळ्यात उंच शिखर पिको दी नेब्लीना ते पण तीन हजार मीटरच्या आसपास आणि विषुववृत्ताला चिकटून, हा दुसरा. आणि दक्षिणेकडच्या उंच भागात ध्रुवाकडून थंड वारे आले तर कधीमधी बर्फ पडतो, पण तेवढंच, हा तिसरा. झाले तीन मार्क, सहा-सात ओळींत.

नकाशात गंमत मॅनॉस बंदराची. बंदर म्हटलं की मुलं डोळे झाकून किनाऱ्यावर ठिपका देतात, आणि मॅनॉस आहे आत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब नदीकाठी. त्यामुळे नावं घोकण्यापेक्षा कोरे नकाशे आणा आणि रोज चार-पाच ठिकाणं भरा, खूण आणि सूची दोन्ही टाकून, सूची नसलेला नकाशा अर्धवटच. स्टेन्सिल चालते.

आलेखात शीर्षक, अक्षांची नावं आणि प्रमाण आधी लिहून टाका, मग रेषा नाहीतर स्तंभ. चांगला काढलेला आलेख प्रमाण न लिहिल्यामुळे मार्क घालवतो, फार वाईट वाटतं तपासताना.

सविस्तर उत्तरात फरक विचारला असेल तर एक परिच्छेद भारताचा आणि एक ब्राझीलचा असं करू नका, तपासणाऱ्याला त्यातून फरक शोधत बसावं लागतं. मुद्दा घ्या, दोन्ही देशांबद्दल लिहा, पुढचा मुद्दा.

क्षेत्रभेटीचा धडा सगळे सोडतात, का ते कळत नाही. भेटीसाठी प्रश्नावली तयार करा हा प्रश्न त्यावर येतो आणि एकदा खरी भेट देऊन अहवाल लिहिलेल्याला तो फुकटात पडतो.

वेळ तसा पुरतो. फक्त आलेख शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलू नका, आणि नकाशा, आलेखाची पुरवणी दोन्ही उत्तरपत्रिकेला बांधलेत ना ते उठायच्या आधी बघा.