जुन्या वर्तमानपत्रांतून गुन्ह्याची गोष्ट कशी लिहावी

जुन्या खुनाची गोष्ट लिहायला बसलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'घटनेच्या दुसऱ्या दिवशीचा अंक काढा आणि तिथून पुढे वाचत जा.' हा सल्ला ऐकू नका. आधी निकाल वाचा, मग साक्षी, मग मागे मागे जात पहिल्या दिवसाचा अंक.

प्रकरण निवडताना खटला उघड न्यायालयात चाललेला असावा, एवढी एकच अट पाळा. अंकांसाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' ही संकेतस्थळं फुकट आहेत. तिथला शोध यंत्राने वाचलेल्या मजकुरात चालतो, आणि पुसट छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही. त्यामुळे आरोपीचं नाव सापडलं नाही तर न्यायाधीशाचं किंवा रस्त्याचं नाव टाकून बघा.

उलटं का वाचायचं, ते बावला खटल्यात दिसतं. 12 जानेवारी 1925 ला मुंबईत मलबार हिलवर एक मोटार अडवून अब्दुल कादर बावला या धनिकाला गोळ्या घातल्या गेल्या. सोबत मुमताज बेगम होती. हल्लेखोर तिला ओढून नेत असताना गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले आणि ती वाचली. त्या रात्री रस्त्यावर दिसलं ते एवढंच. मुमताज इंदूरच्या होळकर दरबारातून निसटलेली होती आणि तिला परत नेण्यासाठी हे सगळं घडलं, हा धागा उलगडतो तो खटल्यात. तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि 1926 मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. (बचावाच्या वकिलांत महंमद अली जिना होते.) शेवट माहीत असला की पहिल्या बातमीतली कोणती ओळ कामाची आणि कोणती रकाना भरण्यापुरती, हे चटकन कळतं.

आता खरी अडचण. सहा वर्तमानपत्रांत एकच मजकूर सापडला की 'सहा ठिकाणी दुजोरा मिळाला' असं वाटतं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं आणि लेख भराभर पुढे सरकायचा. पण ती सहाही पत्रं एकाच वृत्तसंस्थेच्या तारेवरून छापलेली असू शकतात. तेव्हा साक्षीदार एकच, आणि तोही कदाचित घटनास्थळी न गेलेला.

हे ओळखायचं कसं? मजकुरातलं साम्य बघू नका, चुकांमधलं साम्य बघा. दोन अंकांतले परिच्छेद शेजारी ठेवा. मृताचं वय दोन्हीकडे सारखंच चुकलेलं, गल्लीचं नाव दोन्हीकडे एकाच पद्धतीने बिघडलेलं, तर उगम एक. मग प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने 'पाहिलं', 'ऐकलं' किंवा 'उचललं' असं लिहा. न्यायालयात बसून टिपलेली उलटतपासणी 'पाहिलं'मध्ये. 'शेजाऱ्यांत अशी चर्चा आहे' हे 'ऐकलं'मध्ये. तारेवरचं सगळं 'उचललं'मध्ये, मग ते कितीही रंगतदार असो. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून लिहिलेली गोष्ट म्हणजे जुन्या अफवेची नवी आवृत्ती.

लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या 1888 च्या खुनांचंच घ्या. 'जॅक द रिपर' ही सही असलेलं पहिलं पत्र पोलिसांकडे नव्हे, तर 27 सप्टेंबरला सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे आलं. ते एखाद्या पत्रकारानेच लिहिलं असावं, असं पुढे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनीही म्हटलं. नाव मात्र जगभर छापलं गेलं. तेव्हा हे नाव लिहिताना ते कुठून आलं, तेही त्याच वाक्यात लिहा.

दुसरा सापळा बारकाव्यांचा. तपशील भरपूर म्हणजे बातमी खरी, ही समजूत सोडून द्या. अमेरिकेत फॉल रिव्हर इथे 4 ऑगस्ट 1892 ला बोर्डेन पतिपत्नीचा खून झाला आणि मुलगी लिझी हिच्यावर आळ आला. 10 ऑक्टोबरला 'बॉस्टन ग्लोब'ने साक्षीदारांच्या नावांसकट तिच्याविरुद्धची भलीमोठी हकिकत छापली. एका वार्ताहराने ती खासगी गुप्तहेराकडून विकत घेतली होती. सगळी बनावट निघाली आणि पत्राला माफी मागावी लागली. म्हणून खळबळजनक बातमी मिळाली की पुढच्या आठवडाभराचे अंक चाळल्याशिवाय ती वापरू नका. खुलासा आतल्या पानावर, बारीक टायपात असू शकतो. लोकांच्या तोंडी बसलेल्या यमकात लिझीने आईला कुऱ्हाडीचे चाळीस घाव घातले. प्रत्यक्षात वीससुद्धा नव्हते. आणि जून 1893 मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं.

तारखा जुळवताना बातमीतला 'काल' हा ती पाठवल्याच्या दिवसापासून मोजा, अंकाच्या तारखेपासून नव्हे.

लिहिणं त्यामानाने सोपं. घटना घडली त्या क्रमाने मांडा आणि प्रत्येक दाव्याजवळ पत्राचं नाव व तारीख ठेवा. संवाद हवेत तर उलटतपासणीतून घ्या, तिथे वाटेल तेवढं नाट्य असतं. खुन्याच्या मनात काय चाललं होतं ते लिहू नका. ते कुठल्याच वार्ताहराला दिसलेलं नाही. पत्रांत दोन दिवसांचा खंड असेल तर तसं सांगून पुढे जा. आणि ज्याला न्यायालयाने सोडलं त्याला शीर्षकात खुनी म्हणू नका, मग तुमची स्वतःची खात्री काहीही असो.