काळ्या मसाल्यातल्या पोर्क रिब्ज, तेलाची बरणी लांब ठेवून

आपल्या खानदेशात रस्सा म्हटला की तर्री पाहिजेच, म्हणून कढईत आधी दोन पळ्या तेल जातं, हातच तसा बसलाय. पहिल्यांदा रिब्ज केल्या तेव्हा मी पण तेच केलं आणि वर एवढा तवंग आला की भाकरी कुठे चुरायची तेच कळेना. शिजलेल्या रिब्जच्या १०० ग्रॅम मासात, हाडं सोडून, साधारण ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. प्रोटीन पण जवळपास तेवढंच, आणि बी१ व्हिटॅमिन चिकन-मटणापेक्षा बरंच जास्त.

किलोभर आणा, चौघांना जेमतेम होतं कारण निम्मी हाडंच. फ्रोझन मिळालं तर रात्रभर फ्रीजमध्येच सुटू द्या, ओट्यावर नको. हाडाच्या बाजूला पातळ पांढरा पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकाने एका कोपऱ्यात उचलायचा आणि कोरड्या फडक्यात धरून खेचायचा, राहिला तर मसाला आत मुरत नाही आणि दाताखाली रबर. कंटाळवाणं काम आहे पण सोडू नका.

मीठ, हळद, आलं-लसूण लावून तासभर ठेवा. जाड बुडाच्या कुकरमध्ये एकच चमचा तेल, चरबीची बाजू खाली, मंद आच. दहा मिनिटांत स्वतःचंच तेल सुटतं, जास्तीचं वाटीत काढून घ्या. उरलेल्यात विस्तवावर भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं वाटण खरपूस परता, दोन चमचे काळा मसाला टाका, गरम पाणी ओता, झाकण लावा. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून अर्धा तास.

घाई नको. पोर्क आतून ६३ डिग्रीला खाण्यालायक होतं म्हणतात, पण रिब्ज तेव्हा चिवटच असतात, त्यातलं कोलॅजन (मासाला चिवट ठेवणारं प्रोटीन) विरघळून मास हाडापासून सुटायला ९० च्या आसपास बराच वेळ लागतो. तसंही आपल्याकडचं पोर्क कच्चट ठेवूच नका, टेपवर्म नावाच्या जंताची भीती असते.

सोबत दादर ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. वाटीतल्या तेलात मी दुसऱ्या दिवशी मिरचीचा ठेचा परतला, तो रिब्जच्याही आधी संपला.