व्हर्टआयओ डिव्हाइस सुरू करताना फीचर बिट कसे ठरवावेत

क्यूएमूमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) व्हर्टआयओचं (अशा मशीनमधल्या आभासी उपकरणांचं मानक) नेटवर्क कार्ड जोडलंय आणि ड्रायव्हर स्वतः लिहायचाय, असं धरून चालू. डिव्हाइसच्या एकेका सोयीसाठी एकेक बिट असतो, तोच फीचर बिट. जुन्या-नव्या रूपांचा घोळ नको म्हणून डिव्हाइसला 'डिसेबल-लेगसी=ऑन' लावा. पीसीआय बसवर व्हेंडर आयडी हेक्स १एएफ४ आणि डिव्हाइस आयडी हेक्स १०४१ दिसला पाहिजे. १००० दिसला तर जुनं रूप अजून चालूच आहे.

पीसीआय कमांड रजिस्टरमधला बस मास्टर बिट (बिट २) चालू करा; डिव्हाइसला मेमरी थेट वाचू-लिहू देतो तो हाच. तो राहिला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनबोभाट पार पडतात, फक्त क्यू (ड्रायव्हर आणि डिव्हाइस यांच्यातली मेमरीतली देवाणघेवाणीची रांग) कधीच उत्तर देत नाही.

१. डिव्हाइसच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ० लिहा आणि परत ० वाचायला मिळेपर्यंत थांबा.

२. अकनॉलेज (१) चढवा, मग ड्रायव्हर (२). आधीचे बिट पुसायचे नाहीत. स्टेटस ३ झालं पाहिजे.

३. फीचर ठरवा. गाडी अडते ती इथेच.

'डिव्हाइस जे बिट देतं ते सगळे तसेच परत लिहून टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. बिट स्वीकारणं म्हणजे 'हे मी पाळीन' असा शब्द देणं. इव्हेंट आयडीएक्स (बिट २९; पुढचा इंटरप्ट कधी हवा ते आकड्याने सांगण्याची सोय) घेतला आणि 'यूज्ड इव्हेंट' हा आकडा पुढे सरकवण्याचा कोड लिहिलाच नाही, तर पहिल्या पॅकेटचा इंटरप्ट येतो आणि मग शुकशुकाट. डिव्हाइसचा काही दोष नाही. तुम्हीच त्याला 'एवढ्यात हाक मारू नकोस' असं सांगून ठेवलंय. पॅक्ड रिंग (क्यूची नवी मांडणी, बिट ३४) घेऊन मेमरीत जुनी स्प्लिट रिंग मांडली, तर काहीच चालणार नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये कोड आहे तेवढ्याच बिटांचा मास्क करा आणि डिव्हाइसच्या बिटांशी त्याचा 'अँड' घ्या.

इथे लागणारे फीचर ६४ बिटांत बसतात आणि ते वाचायची खिडकी (रजिस्टर) ३२ बिटांची. सिलेक्ट रजिस्टरमध्ये ० लिहून खालचा अर्धा भाग वाचा, १ लिहून वरचा. वरचा विसरणारे फार, आणि व्हर्जन १ (बिट ३२, नव्या रूपाची खूण) नेमका तिथेच असतो. तो दिला असेल तर घ्यावाच लागतो. घेतल्यावर नेटवर्क हेडर १२ बाइटचं होतं, मर्ज बफर (एक पॅकेट अनेक बफरांत घेण्याची सोय, बिट १५) घेतला असो वा नसो. जुन्या कोडमधलं १० तसंच राहिलं तर प्रत्येक पॅकेट दोन बाइटने सरकतं आणि मॅक पत्ते विचित्र दिसतात.

बिटांची एकमेकांवर भिस्तही असते: मल्टिक्यू (२२) घ्यायचा तर कंट्रोल क्यू (१७) हवाच, होस्ट टीएसओ-४ (मोठ्या टीसीपी पॅकेटचे तुकडे डिव्हाइसवर सोपवणं, ११) घ्यायचा तर चेकसम (०) हवाच.

ठरलेले बिट लिहा, फीचर्स ओके (८) चढवा, आणि स्टेटस परत वाचा. ही ओळ गाळू नका. ८ तिथे नसेल तर डिव्हाइसने तुमची निवड नाकारली. 'आयओएमएमयू_प्लॅटफॉर्म=ऑन' (डिव्हाइसच्या मेमरी-वापरावर आयओएमएमयूचा पहारा) लावलंय आणि बिट ३३ घेतला नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. अशा वेळी रेटून पुढे जाऊ नका; फेल्ड (१२८) चढवा किंवा रीसेट करून पहिल्यापासून सुरू करा. फीचर्स ओके नंतर नवा बिट मागता येत नाही.

४. क्यू मांडा. क्यूचा आकार वाचा; ० असेल तर ती क्यू नाही. स्प्लिट रिंगमध्ये आकार २ चा घात हवा, कमाल ३२७६८. तिन्ही पत्ते (डिस्क्रिप्टर टेबल, अव्हेलेबल रिंग आणि यूज्ड रिंग यांचे) लिहून झाल्यावर, अगदी शेवटी, क्यू एनेबल १ करा.

५. ड्रायव्हर ओके (४) चढवा. स्टेटस १५.

लिनक्सचा तयार ड्रायव्हर काय घेतो ते ताडून पाहायचं असेल, तर गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या आत) सिसएफएसखाली (/sys) व्हर्टआयओ डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये 'फीचर्स' नावाची फाइल असते. त्यातली ० आणि १ ची माळ डावीकडून वाचायची: पहिलं अक्षर म्हणजे बिट ०. नेहमीच्या बायनरी आकड्यासारखी उजवीकडून वाचली, तर नसलेले बिट शोधत बसाल.