जुने ईमेल सगळ्यांना वाचता यावेत म्हणून

नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीचा टाकीबद्दलचा सगळा पत्रव्यवहार एकाच काकांच्या जीमेलमध्ये होता. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, म्हणून असे मेल वेळीच दुसरीकडे हलवा. त्या मेलना वेगळं लेबल लावा आणि गूगल टेकआउट या, आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून तेवढंच उतरवा. मिळणारी एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकत्र असलेली) थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते, पण घरातल्या मोठ्यांसाठी पीडीएफच बरी. प्रत्येक पीडीएफचं नाव तारखेपासून सुरू करा: ‘२०११-०६-१४ टाकी दुरुस्ती’. फाइली आपोआप क्रमाने लागतात. सोबत जोडलेली बिलं, फोटो मात्र वेगळे उतरवा. आणि कुणाचा फोन नंबर झाकताना पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका, खालचा मजकूर कॉपी करता येतो. पीडीएफ करण्याआधीच तो काढा. लोकांनी ती पत्रं विश्वासाने लिहिली होती.