व्यायामही चालू, पार्सलही चालू? मग ऑर्डर अशी द्या

बाहेरचं खाल्लेलं व्यायामाने जिरतं, हे अर्धंच खरं. व्यायामामुळे स्नायू रक्तातली साखर चांगली वापरतात आणि जेवणानंतर रक्तात वाढणारी चरबीही थोडी आटोक्यात राहते. पण जास्तीचं मीठ आणि तेल नुसत्या घामाने फिटत नाही. सुधारणा ऑर्डर देतानाच करायची.

१. वेळ बघा. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ रेंगाळतं. ते झाल्यावर जोराच्या व्यायामाआधी दोन-तीन तास जाऊ द्या, नाहीतर मळमळ आणि जळजळ ठरलेली. व्यायामानंतर मागवणार असाल तर काय मागवायचं ते आधीच ठरवा. दमल्या-भुकेल्या पोटी दिलेली ऑर्डर हमखास मोठी होते.

२. आधी प्रथिनं निवडा: डाळ, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन. तळलेल्यापेक्षा भाजलेलं किंवा वाफवलेलं बरं. सोबत भाजी हवीच.

३. सॉस आणि मेयोनीज वेगळं मागवा. खरी मेख इथे आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तेवढ्या खर्च करायला ७० किलोच्या माणसाला जवळपास अर्धा तास भरभर चालावं लागतं. रस्सा असेल तर डबा जरा तिरपा धरा, कडेला तेल जमा होतं. ते तिथेच ठेवून बाकीचं ताटात वाढून घ्या.

४. मिठाचा हिशेब ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ खावं. एखाद्या पार्सलमध्येच त्यातलं बरंचसं संपतं. दुसऱ्या दिवशी वजनकाटा एकदम वर गेला, तर ते बहुतेक अंगात साठलेलं पाणी असतं. त्यापायी उपाशी राहू नका की दुप्पट धावू नका. आणि ‘घाम येतो म्हणून मीठ हवं’ ही सबबही नको, तासाभराच्या साध्या व्यायामाला रोजच्या जेवणातलं मीठ पुरतं.

५. गोड पेय वगळा. ३३० मिलीच्या कोल्याच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते.

६. तपासणी टाळू नका. रोज धावणाऱ्या सडपातळ माणसाचंही एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं असू शकतं. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना नुसता व्यायाम सांगू नका. आठवड्यातून किती वेळा पार्सल येतं तेही सांगा.