ईएसपी३२ वर वेबपान आणि एपीआय एकत्र चालवताय? या चुका टाळा

समजा, गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवणारं एक छोटं यंत्र आहे. ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप), ईएसपी-आयडीएफ या तिच्या अधिकृत सॉफ्टवेअर-संचासोबत येणारा एचटीटीपी सर्व्हर, फ्लॅशमध्ये लिटलएफएस ही छोटी फाइल-सिस्टीम, त्यात पानाच्या फायली, आणि त्याच सर्व्हरवर एपीआय, म्हणजे पानाला आकडे देणारे आणि हुकूम घेणारे पत्ते. पान झोकात उघडतं, पंपाचं बटणही चालतं, पण पातळीचा आकडा काही येत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत: अनएक्स्पेक्टेड टोकन '<'.

हा '<' ओळखून ठेवा. एचटीएमएलची सुरुवात याच चिन्हाने होते. जेसन (एपीआयच्या माहितीचा साचा) यायला हवं होतं तिथे एचटीएमएल आलं, म्हणजे एपीआयची विनंती फायलींच्या हँडलरने, म्हणजे फायली पाठवणाऱ्या फंक्शनने, गिळली. मग बटण कसं चालतं? इथेच खरी गंमत आहे.

फायलींसाठी आपण '/*' असा सगळं पकडणारा हँडलर लावतो, तोही फक्त गेटसाठी, म्हणजे माहिती मागणाऱ्या विनंत्यांसाठी. तो आधी नोंदवला, तर त्यात बसणारा नवा गेट हँडलर सर्व्हर घेतच नाही. 'हँडलर आधीच आहे' अशी एरर परत देतो. पोस्टचे, म्हणजे माहिती किंवा हुकूम पाठवणाऱ्या विनंत्यांचे, हँडलर मात्र बिनबोभाट नोंदले जातात; बटण चालतं ते म्हणूनच. ती परत आलेली एरर आपण तपासलेलीच नसते, त्यामुळे अर्धा एपीआय जिवंत आणि अर्धा गायब. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे, तीसुद्धा जावास्क्रिप्टला शिव्या देण्यात.

तेव्हा एपीआयचे हँडलर आधी, तारांकनवाला सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक नोंदणीवर एरर-चेक लावाच, कारण शेवटच्यालाही एक धोका आहे: मूळ सेटिंगमध्ये फक्त ८ हँडलरांना जागा असते. नववा आला की तो नाकारला जातो, आणि नववा म्हणजे बहुधा आपला फायलींचाच. मग उलटं चित्र दिसतं: एपीआय ठणठणीत, पान ४०४ ('सापडलं नाही'). ही मर्यादा कॉन्फिगमध्ये वाढवता येते. तिथेच वाइल्डकार्ड जुळवणीचं (तारा म्हणजे 'काहीही' असं मानणारं) फंक्शनही द्यावं लागतं. ते दिलं नाही तर सर्व्हर अक्षर न् अक्षर जुळवतो आणि '/*' मधला तारा त्याच्या लेखी नुसता तारा असतो.

सापडली नाही ती फाइल की मुख्य पान पाठवायचं, अशी सोय सिंगल-पेज ॲपसाठी (एकाच पानात सगळे पडदे दाखवणाऱ्या ॲपसाठी) बरेच जण करतात. करा, पण पत्ता एपीआयच्या उपसर्गाने सुरू होत असेल तर सरळ ४०४ द्या. नाहीतर एपीआयचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तरी २०० ('सगळं ठीक') येईल, आणि पुन्हा तोच '<'.

पान उघडलं पण उघडंबोडकं दिसतंय? कंटेंट-टाइप, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची हे सांगणारा हेडर, बघा. तुम्ही तो सांगितला नाही तर हा सर्व्हर सगळं एचटीएमएल म्हणूनच पाठवतो, आणि अशी सीएसएस फाइल ब्राउझर मानत नाही. जीझिप करून (दाबून लहान करून) ठेवलेल्या फायलींना कंटेंट-एन्कोडिंगचा हेडरही हवा.

ब्राउझरने साठवलेली जुनी फाइल (कॅश) दिसू नये म्हणून फाइलच्या नावापुढे '?' लावून आवृत्ती लिहिली की फाइलच सापडेनाशी होते, असंही होतं. विनंतीतल्या पत्त्यात '?' च्या पुढचं शेपूटही असतं. फाइल उघडण्याआधी ते छाटा.

एकट्याने चाचणी घेताना सगळं सुरळीत, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर पान लटकतं, हा सॉकेटांचा, म्हणजे एकाच वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या जोडण्यांचा, तुटवडा. सर्व्हर मुळात ७ जोडण्या उघड्या ठेवतो. एकटा ब्राउझरच एका पत्त्याशी ६ पर्यंत उघडू शकतो. एलआरयू पर्ज हा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करा, म्हणजे सर्वांत जुनी वापरात नसलेली जोडणी आपोआप बंद होईल. तरीही एक लक्षात ठेवा: सगळे हँडलर एकाच टास्कमध्ये, एकामागोमाग चालतात. मोठी फाइल मंद वायफायवरच्या फोनकडे जात असेल, तर एपीआय तोवर रांगेत. माझ्या मते इथे हार्डवेअर बदलण्यापेक्षा फायली बारीक करणं शहाणपणाचं. पातळी दाखवायला भलीमोठी फ्रेमवर्क कशाला?

फाइल वाचायचा बफर हँडलरमध्ये लोकल ठेवू नका. त्या टास्कचा स्टॅक (लोकल गोष्टींची मेमरी) मुळात ४०९६ बाइटचा आहे. बोर्ड अधूनमधून रीस्टार्ट होत असेल तर पहिला संशय इथेच. बफर हीपमध्ये (स्टॅकबाहेरच्या मोकळ्या मेमरीत) एकदाच घ्या, फाइल तुकड्यातुकड्याने पाठवा, आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा पाठवायला विसरू नका. तो गेला नाही तर ब्राउझर वाट बघत बसतो.

शेवटचं, पण सर्वांत महागात पडणारं. वायफायचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल त्याच लिटलएफएसमध्ये असेल आणि तुम्ही सर्वांत वरच्या फोल्डरपासून सगळंच वाढून ठेवलं असेल, तर ती फाइल कुणीही नाव टाइप करून बघू शकतो. पानाच्या फायलींना वेगळा फोल्डर द्या, आणि पत्त्यात '..' (वरच्या फोल्डरमध्ये जाण्याची खूण) दिसलं की विनंती नाकारा. ब्राउझर '..' स्वतःच काढून टाकतो, म्हणून ब्राउझरमध्ये ही चूक दिसणार नाही. कर्ल या कमांड-लाइनवरून विनंत्या पाठवणाऱ्या साधनाला 'पाथ-ॲज-इज' हा पर्याय देऊन तपासा.