छाप पडेल म्हणून न वाचणाऱ्याची वही

कविता लिहायला लागलो तेव्हा मी ठरवून काही वाचत नसे. दुसऱ्याचं वाचलं की आपल्यावर छाप पडते, अशी समजूत. नव्यानं लिहिणारी मुलं आजही मला हेच ऐकवतात, म्हणून हा उद्योग.

घर रत्नागिरी तालुक्यात, मागे खाडी, पुढे समुद्र. साहजिकच कवितेत समुद्र. माझा समुद्र अथांग होता, रात्री त्याची गाज यायची आणि वाळूतली पावलं लाटा पुसून टाकायच्या. अशा 40 कविता झाल्यावर वही गावातल्या निवृत्त मास्तरांकडे नेली. त्यांनी ती वाचली आणि काही न बोलता तीन कवितासंग्रह हातात ठेवले. आठ दिवसांनी विचारलं, "मेल्या, आता सांग, वहीतली तुझी ओळ कुठली?"

पुसलेली पावलं तिन्ही संग्रहांत होती, माझ्याहून बरी. मी काही चोरलं नव्हतं. गाणी, शुभेच्छापत्रं, निरोपसमारंभातली भाषणं यांतून ती ओळ कधीच अंगात मुरली होती. छाप पडायची ती पडलीच होती. कोणाची, एवढंच ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी मग रत्नागिरीच्या नगर वाचनालयात पाठवलं. ते 1828 सालचं. तिथं श्री. ना. पेंडसे हाती लागले. त्यांच्या कादंबऱ्यांतला दापोलीकडचा मुलूख वाचताना चक्रावलो, कारण घरात बोलतो ते शब्द छापलेले दिसत होते. आमचे आजोबा तिथीवरून पाण्याचा हिशेब करायचे: पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. पहाटे जमिनीकडून सुटणारा वारा म्हणजे मतलई. माझ्या 40 कवितांत भांग एकदाही आली नव्हती, मतलईही नाही. अथांग मात्र अकरा वेळा. मोजलं मी.

आमच्याकडचे थोर कवीही अधाशी वाचणारेच. मालगुंडात जन्मलेल्या केशवसुतांनी इंग्रजी कविता वाचली, म्हणून 14 ओळींचं सुनीत मराठीत आलं. देवगडकडचे विंदा करंदीकर तर अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणत आणि ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव आजच्या मराठीत उतरवत बसले. भाषांतराइतकं सावकाश वाचन दुसरं नाही.

माझी पद्धत साधी आहे. आवडलेली कविता हातानं उतरवून काढतो; डोळा जिथं घसरून जातो तिथं हात अडखळतो, आणि तिथंच काहीतरी शिकण्यासारखं असतं. शेवटची ओळ झाकून आधी स्वतः लिहून बघतो. बहुतेकदा हरतो. मुक्तछंदच लिहिणार असाल तरी मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं महिनाभर बोटांवर मोजा; आपली ओळ कुठं उगाच लांबली ते कानाला कळू लागतं. गद्य वाचा, प्रवासवर्णनं वाचा, जुने दिवाळी अंक चाळा. फक्त कविता वाचणाऱ्याची कविता कवितेबद्दलच होत जाते, असं माझं मत; मास्तरांना ते मान्य नव्हतं.

त्या वहीतल्या दोनच कविता ठेवल्या. एक आजोबांवरची, दुसरी केवळ मोह म्हणून.

सुरुवात पावसाळ्यात करा. वीज गेलेली असते, मोबाइल निपचित पडलेला असतो. वाचनालयात जाताना प्लॅस्टिकची पिशवी मात्र न्या. भिजलेल्या पुस्तकाची भरपाई मी दोनदा केलेली आहे.